एकतीस तारखेचं बिल : सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या विक्रीप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
वाहनांचे सुटे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीप्रमुख,
मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई आणि जिथे जिथे तुमची मुख्य कार्यालयं असतील तिथे.

सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात वाहनांचे सुटे भाग विकतो. सतरा वर्षं झाली. सुरुवात दुचाकीच्या मालापासून केली. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच केबल, प्लग. गेली नऊ वर्षं ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांचा माल बघतो. एवढ्या काळात तीन कंपन्या झाल्या, वरिष्ठ किती आले-गेले त्याची मोजदाद नाही, पण काउंटर, म्हणजे दुकानं, तेच राहिले. पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्या गल्ल्यावर वडील बसायचे, तिथे आता मुलगा बसतो आणि मला काका म्हणतो. हे पत्र कुठल्या एका कंपनीविरुद्ध नाही. तिन्ही ठिकाणी मी तेच पाहिलं. पंढरपूरला एसटी स्टँडजवळ चहाला भेटणारे बाकीच्या कंपन्यांचे लोकही तेच सांगतात. म्हणून तुम्हा सगळ्यांना मिळून लिहितोय.

मला बोलायचंय ते महिनाअखेरच्या बिलाबद्दल. आणि ते बिल नको म्हणायची ताकद आमच्यापैकी कुणाकडेच का नाही, त्याबद्दल.

एका संध्याकाळचं सांगतो. ३१ मार्च, सव्वासात वाजलेले. मी डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये उभा. रिजनल ऑफिसचा फोन दर वीस मिनिटांनी येतोय, "कितीवर आलात?" टार्गेटला चार लाख दहा हजार कमी पडताहेत. समोर शेठ बसलेत, सत्तरीला आलेले. त्यांच्या मागे भिंतीला लागून क्लच प्लेटचे खोके छतापर्यंत रचलेले. खालच्या तीन थरांवर मीच मार्करने तारीख टाकली होती, डिसेंबरची. ते थर हललेले नाहीत. शेठ म्हणाले, "अरे, उसाचा हंगाम आवरला. तोडणीच्या टोळ्या गावाकडं निघाल्या. आता कोण नेणार क्लच प्लेट?" मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टाक. पण पंधरा एप्रिलला परत उचलायचा. शब्द दे." मी शब्द दिला. पावणेआठला बिल निघालं. माल त्या वेळी डेपोतच होता, गाडीतसुद्धा चढला नव्हता. सव्वाआठला ग्रुपवर माझ्या नावाने अभिनंदनाचा मेसेज पडला.

पंधरा एप्रिलला मला माल उचलता आला नाही. रिटर्नला मंजुरी नव्हती. मंजुरी ऑगस्टमध्ये आली, तीही निम्म्या मालाला, आणि क्रेडिट नोट निघायला दिवाळी उलटली. त्या सात-आठ महिन्यांत शेठ मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त गोडाऊनला गेलो की माझ्यासाठी चहा सांगायचे, ते त्यांनी बंद केलं.

तुमच्याकडे या व्यवहाराला प्रायमरी म्हणतात. कंपनीच्या गोदामातून डिस्ट्रिब्युटरच्या नावावर माल गेला की विक्री झाली. तो पुढे काउंटरवर गेला का, काउंटरवरून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून गाडीत बसला का, ते नंतरचं. कागदावर त्या पुढच्या विक्रीचा, सेकंडरीचाही रकाना असतो, पण टार्गेट, इन्सेन्टिव्ह आणि महिन्याच्या मीटिंगमधला आवाज हे तिन्ही प्रायमरीवर ठरतं. मी ज्या पहिल्या साहेबांच्या हाताखाली शिकलो ते सांगायचे की माल गाडीत बसेपर्यंत विकला गेला असं समजायचं नाही. ते निवृत्त झाले. पुढे ते वाक्य मी मीटिंगमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता सोलापूरचं वर्ष कसं चालतं ते सांगतो, कारण टार्गेटची वाटणी करताना ते कुणी विचारत नाही. तुमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. आमच्याकडचं वर्ष साखर कारखान्याच्या धुराड्यावर चालतं. गणपती झाले की ट्रॉल्या बाहेर निघतात. हबचं ग्रीस काढून बेअरिंग बघायची, स्प्रिंगच्या पाट्यांचं एखादं पान तुटलंय का बघायचं, ब्रेकचं लायनर बदलायचं. ट्रॅक्टरची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, हायड्रोलिकचे पाइप, सगळ्या ऑइल सील. हे दसऱ्याच्या आगेमागे उरकावं लागतं. एकदा गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की पुढचे चार-साडेचार महिने ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस फडात वाळतो. त्या दिवसांत काउंटरवर रात्री दहा-दहापर्यंत गिऱ्हाईक असतं. डिसेंबर-जानेवारीत दुसरा जोर येतो, चालत्या हंगामात मोडलेल्या मालाचा. फेब्रुवारी सरता सरता कारखान्यांचे पट्टे पडायला लागतात, म्हणजे गाळप बंद व्हायला लागतं. मार्चमध्ये इथला दुकानदार माल भरत नाही, तो वही काढून उधारी गोळा करतो.

आणि तुमचा सगळ्यात मोठा आकडा नेमका मार्चमध्ये असतो.

उधारीचंही असंच. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. ते चौदा दिवस किती वेळा पाळले जातात ते या भागात कुणालाही विचारा. कारखान्याचं बिल लांबलं की शेतकऱ्याचं आणि वाहतूकदाराचं दुकानातलं खातं लांबतं, दुकानाचं डिस्ट्रिब्युटरकडचं लांबतं, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी सिस्टिम माझ्या नावापुढे लाल खूण करते. वसुलीसाठी मी काउंटरवर उभा राहतो तेव्हा तिथे बसलेला माणूस पैसे बुडवणारा नसतो. त्याचे पैसे कारखान्याच्या गेटात अडकलेले असतात. हे मी कितीदा कळवलं आहे. उत्तर येतं, "फॉलोअप वाढवा."

एका वर्षी एका साहेबांनी ऐकलं होतं. मार्चच्या टार्गेटचा मोठा हिस्सा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सप्टेंबर-ऑक्टोबरकडे सरकवला. वर्षाचा एकूण आकडा एक रुपयाही कमी न करता. त्या वर्षी गणपतीनंतर आमच्याकडे माल भरपूर होता, शेजारच्या कंपनीचा नव्हता. आम्ही वर्षाचं टार्गेट पूर्ण केलं आणि रिटर्नची एकही फाइल झाली नाही. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली आणि वाटणी पुन्हा जुन्या साच्यात गेली.

२०२५चा ऑगस्ट तुम्हालाही आठवत असेल. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. आमचा बराचसा माल २८ टक्क्यांवरून १८वर आला, ट्रॅक्टरचे ठरावीक भाग तर १८वरून ५वर. ग्राहकाचं भलंच झालं, मला त्याचा आनंद आहे. पण १६ ऑगस्टला मी बार्शीला मार्केटला गेलो तर पहिल्या काउंटरवरच उत्तर मिळालं, "महिनाभरात स्वस्त होणारा माल आज कशाला भरू?" त्या माणसाचं काय चुकलं? त्या दिवशीच्या संपूर्ण लाइनला, म्हणजे फिरतीच्या सगळ्या दुकानांत, हेच ऐकलं. ऑगस्टचं टार्गेट मात्र जसंच्या तसं होतं. ३१ ऑगस्टच्या रात्री पुन्हा बिलं निघाली, जुन्या दराची, जुन्या एमआरपीची. सप्टेंबरअखेर डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये फरशीवर बसून मी, शेठचा नातू आणि दोन हमाल, असे चौघं खोक्यांवर नव्या किमतीची स्टिकरं चिकटवत होतो. जुनी किंमत झाकायची नाही, दिसली पाहिजे, म्हणून स्टिकर बाजूला लावायचं. ब्रेक शूच्या छोट्या डब्यावर बाजूला जागाच नसते. चार दिवस गेले त्यात. त्या चार दिवसांत माझा एकही काउंटर झाला नाही आणि आमच्या भेटी नोंदवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर चारही दिवस 'शून्य भेटी' दिसल्या. त्याचं स्पष्टीकरण मला लेखी द्यावं लागलं.

ढकललेला माल गोडाऊनमध्ये पडून राहतो एवढंच असतं तरी चाललं असतं. पण डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकतात. मग एके दिवशी तो वैतागून माल खरेदीच्याही खाली सोडतो, धाराशिवला नाहीतर लातूरला कुणाला तरी. तिथून तोच माल फिरून बार्शीच्या बाजारात येतो आणि रेट फुटतो. ज्या काउंटरवाल्याने माझ्याकडून सरळ भावाने घेतला, तो मला बिल दाखवून विचारतो, "मला जास्त का लावला?" त्याचा विश्वास एकदा गेला की तो लोकल माल ठेवायला लागतो, कारण लोकलमध्ये त्याला मार्जिन तरी खात्रीचं मिळतं. नंतर तुम्ही कॉन्फरन्समध्ये डुप्लिकेट मालाविरुद्ध मोहीम जाहीर करता. त्या डुप्लिकेटला काउंटरवर जागा कशी मिळाली याचं निम्मं उत्तर आपल्या ३१ तारखेच्या बिलांत आहे. मी हे मनात राग धरून लिहीत नाही. मी ती जागा रिकामी होताना आणि भरताना डोळ्यांनी पाहिली आहे.

फरक खिशातून भरणं हाही या धंद्यातला एक भाग झालाय, आणि त्याबद्दल आमच्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, बिल टाकतो पण दोन टक्के जादा दे. साहेब म्हणतात, "बघा तुमच्या लेव्हलला." माझ्या लेव्हलला म्हणजे माझ्या पगारात. मी हे दोनदा केलं. दुसऱ्या वेळी अठरा हजार रुपये गेले. ते बायकोच्या भिशीचे होते, मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी ठेवलेले. हे करायला मला कुणी लेखी सांगितलं नव्हतं, हे खरंच आहे. लेखी कुणीच काही सांगत नाही.

हा 'लेखी'चाच प्रश्न मला इथे नीट मांडायचा आहे.

औषध कंपन्यांच्या एमआर (औषधांचे विक्री प्रतिनिधी) लोकांसाठी १९७६ साली केंद्राने एक कायदा केला, सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज अ‍ॅक्ट. फिरून विक्री वाढवणाऱ्या माणसाच्या नोकरीच्या अटी त्यात ठरवल्या. जानेवारी २०११मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून आणखी दहा उद्योग त्या कायद्याखाली आणले. त्यात रंग होते, बिस्किटं होती, तयार कपडे होते, आणि ऑटोमोबाइल होतं, अ‍ॅक्सेसरीज आणि सुट्या भागांसकट. म्हणजे आमच्या कामाचं नाव त्या यादीत छापलेलं आहे. मला हे कळलं २०२३मध्ये, बारा वर्षांनी. सोलापूरच्या एका औषध कंपनीच्या एमआरने गाडीला पंक्चर काढताना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांची संघटना आहे, त्यांना हे पाठ असतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही शोधलं नाही.

त्या कायद्याने अशा प्रत्येक कर्मचाऱ्याला ठरलेल्या नमुन्यात नियुक्तिपत्र द्यावं लागत होतं, पद, पगार, अटी लिहिलेलं. कामावर घालवलेल्या काळाच्या निदान एक अकरांश भरपगारी रजा, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर नोकरीच्या काळाच्या निदान एक अठरांश रजा अर्ध्या पगारावर. शिवाय बोनस, ग्रॅच्युइटी, अपघात भरपाई हे कायदेही आम्हाला लागू होते. मी तीन कंपन्यांत काम केलं. पहिल्या ठिकाणी एक पानाचं ऑफर लेटर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी ईमेल आला. सध्या माझा पगार माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या खात्यातून येतो, कार्ड कंपनीचं आहे, त्यावर 'टेरिटरी मॅनेजर' छापलेलं आहे, आणि माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. मॅनेजर म्हटलं की कामगार कायद्यातून बाहेर, अशी एक समजूत आहे. कायदा कार्ड बघत नाही, माणूस दिवसभर काय करतो ते बघतो. मी दिवसभर बॅग घेऊन फिरतो.

हे का महत्त्वाचं आहे ते माझ्या एका सोबत्याच्या गोष्टीतून सांगतो. नाव लिहीत नाही, त्याने तसं सांगितलं आहे. तो दुसऱ्या कंपनीत होता, पण लाइन एकच असल्याने आम्ही कैकदा बरोबर जेवलो आहोत. जानेवारी २०२३, महिन्याची ३० तारीख. पंढरपूरचं काम उरकून त्याने संध्याकाळी सहा चाळीसला अ‍ॅपवर दिवस बंद केला आणि मोहोळच्या दिशेने निघाला. सातच्या सुमारास साहेबांचा फोन आला की वाटेतल्या एका पार्टीचा चेक आजच पाहिजे, उद्या महिनाअखेर. त्याने गाडी वळवली, चेक घेतला. परत हमरस्त्याला लागताना अंधारात उसाची एक ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने भरलेला. तो मागून धडकला. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसवावा लागला. चेक खिशात होता, साधा चुरगळलासुद्धा नव्हता. तो चेक ऑफिसचे लोक दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घेऊन गेले.

नंतर ऑफिसने सांगितलं की अ‍ॅपवर दिवस सहा चाळीसला संपला होता, म्हणजे अपघात कामाच्या वेळेबाहेरचा. एजन्सीने सांगितलं की आम्ही फक्त पगार वाटतो. चार महिने तो घरी होता. पहिल्या महिन्याचा पगार आला, पुढचे तीन महिने काही नाही. त्याची तेव्हा सहा वर्षं नोकरी झाली होती. सहा वर्षं म्हणजे २,१९० दिवस, त्याचा एक अठरांश म्हणजे साधारण १२१ दिवस. आधी त्याने आजारपणाची रजा कधी घेतलेली नव्हती. म्हणजे जवळजवळ चारही महिने अर्धा पगार त्याच्या हक्काचा होता. अपघात भरपाई वेगळी. हा हिशेब मी त्याला एका वर्षानंतर करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझ्याकडे मी तिथं कामाला होतो याचाच कागद नाही." आता तो टूरची नोकरी करत नाही. एका दुकानात काउंटर सांभाळतो, मी त्याच्याकडून ऑर्डर घेतो.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. माझी बुधवारची लाइन सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर आणि परत सोलापूर अशी आहे. एकशे नव्वद किलोमीटर, मोटरसायकलवर, बॅगेत सात-आठ किलोचे नमुने. हंगामात संध्याकाळनंतर या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर ओळीने असतात. त्या वेळेला आम्ही रस्त्यावर का असतो? बऱ्याचदा एकच कारण असतं. तारीख २८च्या पुढची असते.

नियुक्तिपत्राचा आणि महिनाअखेरच्या बिलाचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सरळ आहे. ज्याच्या नोकरीचा कागद नाही त्याला नाही म्हणता येत नाही. मला माहीत असतं की हा माल मार्चमध्ये खपणार नाही. डिस्ट्रिब्युटरला माहीत असतं. माझ्या साहेबांनाही माहीत असतं, त्यांनीही एकेकाळी हीच बॅग उचलली आहे. पण साखळीतला सगळ्यात खालचा माणूस मी आहे, आणि मला एका फोनवर घरी बसवता येतं. म्हणून ते बिल माझ्याच हातून निघतं. पुढे ऑडिटमध्ये रिटर्न जास्त दिसले की चौकशीही माझीच होते. माझ्या हातात कागद असता, त्यावर माझं पद, माझ्या अटी असत्या, तर त्या ३१ तारखेला मी फोनवर म्हणालो असतो, "सर, हा माल शेठना नको आहे, मी बिल टाकत नाही." एवढं एक वाक्य. सतरा वर्षांत मला ते एकदाही म्हणता आलेलं नाही.

मी कंपनीचं वाईट चिंतणारा माणूस नाही. मला हे काम आवडतं, ते मनापासून सांगतो. जानेवारीच्या रात्री नऊ वाजता शेतकरी काळी पडलेली क्लच प्लेट पिशवीत घालून येतो. बाहेरून दोन मॉडेलच्या प्लेटा सारख्या दिसतात, मधल्या भोकाचे दाते वेगळे असतात. मग काउंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, जुनी प्लेट नव्या प्लेटवर ठेवायची, दाते बोटाने मोजायचे. प्लेट बरोबर लागली की तो माणूस पैसे मोजायच्या आधी फडावर फोन करतो, "मिळाली, निघालो." त्या रात्री त्याची ट्रॉली कारखान्यावर पोचते. प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, बीएस-६च्या गाड्या आल्या, पार्ट नंबर बदलले, तेव्हा कुठल्या फिल्टरच्या नंबरात शेवटचं अक्षर वेगळं आहे ते गावोगावच्या फिटर लोकांना आम्हीच समजावलं. ती माहिती तुमच्या कॅटलॉगमध्ये होती, पण कॅटलॉग करमाळ्याच्या गॅरेजमध्ये आपोआप पोचत नाही. या कामाचा मोबदला मागत नाही. हे काम करायला महिन्यातले शेवटचे दहा दिवसही मिळावेत, एवढंच म्हणतो.

तुमच्यावरही वरून दबाव असतो. तिमाहीचे आकडे असतात, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं तर सगळं उघड्यावर असतं. मला ते कळतं. तरी काही गोष्टी तुमच्या टेबलावर, तुमच्या सहीने होऊ शकतात. डिस्ट्रिब्युटरची लेखी ऑर्डर असल्याशिवाय महिन्याच्या २५ तारखेनंतर बिल काढायचं नाही, असं एक परिपत्रक काढा. आमचा इन्सेन्टिव्ह काउंटरवर गेलेल्या मालावर धरा. तो मोजायची सोय तुमच्याकडे आजच आहे. मी कुठल्या चौकात किती मिनिटं थांबलो हे ज्या अ‍ॅपला कळतं, त्याला कुठल्या काउंटरवर किती खोके गेले हेही कळू शकतं. टार्गेटची बारा महिन्यांची वाटणी करायच्या आधी प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसाला एकदा विचारा की तुमच्याकडे हंगाम कधी. सोलापूरला ऊस आहे, नाशिकला द्राक्षं आणि कांदा आहे, विदर्भात कापूस आहे. ट्रॅक्टर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या महिन्यात मोडतो. आणि घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचा प्रवास कामातलाच धरला जाईल, अ‍ॅप बंद केलेलं असो की चालू, हे लिहून द्या.

नियुक्तिपत्राबद्दल वेगळं सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. १९७६चा कायदा त्यात सामावला, आणि नियुक्तिपत्र देणं तर आता प्रत्येक कर्मचाऱ्याच्या बाबतीत बंधनकारक झालं आहे. औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी, म्हणजे सेल्स प्रमोशन एम्प्लॉई, स्पष्ट लिहिलेला आहे. तेव्हा आमच्याकडे काय लागू होतं, याबद्दल आता शंकेला जागा राहिलेली नाही. एजन्सीमार्फत असलेल्यांनाही द्या. ते तुमचंच कार्ड खिशात घेऊन फिरतात.

या पत्राच्या प्रती मी जिल्ह्यातल्या काही डिस्ट्रिब्युटरना आणि आमच्या लाइनच्या मित्रांना दिल्या आहेत. ज्या शेठबद्दल वर लिहिलंय त्यांनी वाचून काही म्हटलं नाही, खाली फक्त क्लच प्लेटच्या उरलेल्या खोक्यांची संख्या पेन्सिलीने लिहून दिली. त्रेसष्ट.

खाली मी माझं नाव लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे नियुक्तिपत्र हातात पडेल त्या दिवशी हेच पत्र नाव आणि सही घालून पुन्हा पाठवीन.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक विक्री प्रतिनिधी